अनमोडच्या चढणीवर जुनी गाडी का तापते?

शनिवारी पहाटे मोले ओलांडून अनमोड घाटाकडे निघालेल्या वाहनांमध्ये नव्या गाड्यांबरोबर काही जुनी वाहनेही हमखास दिसतात. वीस वर्षांपूर्वीची मारुती ८००, टपावर सामान बांधलेली ओम्नी, क्वचित एखादी हौसेने जपलेली पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर. कोणी रामनगरला नातेवाइकांकडे जात असतो, कोणी गणेशगुडीच्या सुपा धरणाकडे वा दांडेलीकडे, तर कोणी माघातल्या यात्रेसाठी उळवीला. गोव्याच्या सपाट रस्त्यावर वर्षभर निमूटपणे धावलेली गाडी चढणीच्या चौथ्या-पाचव्या वळणावर मात्र एकाएकी बंड करते. तापमानाचा काटा तांबड्या रेषेकडे सरकतो, बॉनेटखालून वाफ येते आणि उत्साहाने निघालेले कुटुंब रस्त्याच्या कडेला उभे राहते.

अशा वेळी सर्वसाधारण निष्कर्ष ठरलेला असतो : ‘गाडी जुनी झाली.’ हा निष्कर्ष सोपा असला तरी बहुतेक वेळा अपुरा असतो. शीतकरण यंत्रणा सुस्थितीत असेल, तर जुनी गाडीही हा घाट चढून जाते. तिच्या निर्मात्यांनी ती घाट धरूनच घडवलेली असते. तापणे हे लक्षण आहे, रोग नव्हे. त्या रोगाचे नाव शोधताना काटा किती चढला यापेक्षा तो केव्हा चढला, याला अधिक महत्त्व आहे. थांबल्यावर चढला, चढणीवर चढला, की गाडी सुरू केल्यावर पाचच मिनिटांत चढला, या एका प्रश्नाच्या उत्तरावर निदानाची अर्धी वाट सरते.

घाट ही एक परीक्षा

सह्याद्रीची ही भिंत किती उभी आहे, हे रेल्वेच्या एका आकड्यावरून समजते. कुळेपासून कॅसलरॉकपर्यंतच्या लोहमार्गाचा चढ ३७ फुटांना १ फूट इतका आहे आणि तो चढण्यासाठी गाडीला जादा इंजिने लावावी लागतात. रस्त्याची वळणे याहून तीव्र आहेत. समुद्रसपाटीपासून फारशा उंच नसलेल्या मोले परिसरातून निघालेले वाहन थोड्याच अंतरात जोयडा तालुक्याच्या पठारी जंगलात पोहोचते. काणकोणहून कारवार, कद्रामार्गे अणशी घाटाने जोयड्याला जाणाऱ्यांचा अनुभवही वेगळा नाही.

चढणीवर तीन गोष्टी एकाच वेळी घडतात. गाडी पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये असल्यामुळे इंजिन अधिक श्रम करते व अधिक उष्णता निर्माण करते. वेग कमी असल्यामुळे रेडिएटरवर आदळणारा वारा कमी होतो. त्यातच वातानुकूलन सुरू असेल, तर त्याचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात उभा असल्याने आत येणारी हवा आधीच तापलेली असते. म्हणजे उष्णता वाढते आणि ती बाहेर टाकण्याची साधने आखडतात. यंत्रणेतला जो दोष म्हापसा-पणजी प्रवासात झाकलेला राहतो, तो इथे उघडा पडतो.

यंत्रणा चालते कशी?

पेट्रोल जळून निर्माण होणाऱ्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो. उरलेली बहुतेक उष्णता असते. तिचा एक मोठा भाग धुराबरोबर बाहेर जातो आणि साधारण तितकाच पाण्यावाटे काढून घ्यावा लागतो. त्यासाठी वॉटर पंप इंजिनाच्या ब्लॉकमधील व हेडमधील पोकळ्यांतून पाणी फिरवतो. तापलेले पाणी वरच्या होज पाइपातून रेडिएटरमध्ये येते, बारीक नळ्यांतून उतरताना निवते आणि खालच्या होजमधून पुन्हा इंजिनात जाते.

या फेऱ्यावर दोन पहारेकरी असतात. पहिला थर्मोस्टॅट. इंजिन थंड असताना ही झडप रेडिएटरची वाट बंद ठेवते आणि पाणी साधारण ८२ ते ८८ अंश सेल्सिअसपर्यंत तापले की उघडते. दुसरी रेडिएटरची कॅप. तिच्याकडे झाकण म्हणून पाहिले जाते. प्रत्यक्षात ती दाब राखणारी झडप आहे. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळते, सहाशे मीटर उंचीवर ते सुमारे ९८ अंशांनाच उकळू लागते. परंतु ०.९ बारची कॅप आतील दाब टिकवून ठेवते, तेव्हा हाच उत्कलनबिंदू ११८ अंशांच्या आसपास जातो. कॅपचे रबर कडक झाले वा तिची स्प्रिंग ढिली पडली, की ही वीस अंशांची ढाल नाहीशी होते. त्यामुळे इतर सर्व काही ठीक असतानाही गाडी घाटात उकळू शकते. सगळ्या यंत्रणेतील सर्वांत स्वस्त भाग हाच, आणि सर्वांत दुर्लक्षितही हाच.

पंख्याच्या बाबतीत मात्र सर्व जुन्या गाड्या सारख्या नाहीत. अ‍ॅम्बेसेडर व पद्मिनी यांचा पंखा पट्ट्यावर, म्हणजे फॅन बेल्टवर, इंजिनाबरोबर फिरतो. १९८३च्या अखेरीस रस्त्यावर आलेल्या मारुती ८००मध्ये विजेचा पंखा आला. पाणी ठरावीक तापमानाला पोहोचले की एक स्विच तो सुरू करतो. ८००चे उत्पादन २०१४च्या आरंभी थांबले, म्हणजे तिची सर्वांत धाकटी गाडीदेखील आता दहा वर्षांहून जुनी आहे. पट्ट्याच्या पंख्याचा दोष डोळ्यांना दिसतो. विजेच्या पंख्याचा दोष तारा, फ्यूज, रिले आणि स्विच यांत दडून बसतो.

पहिली तपासणी : पाणी जाते कुठे?

निदानाचा आरंभ सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना करावा. रेडिएटरची कॅप उघडून पाणी काठोकाठ आहे का पाहावे. केवळ बाजूच्या प्लास्टिकच्या टाकीवर विसंबू नये, कारण कॅप निकामी असल्यास टाकी भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, अशी स्थिती असू शकते. पाणी भरून घ्यावे, टाकीवर खूण करावी आणि आठवडाभर रोजच्या प्रवासानंतर पाहत राहावे. ही यंत्रणा बंदिस्त असते. तिला वरचेवर पाणी लागत असेल, तर ते कुठेतरी जात आहे.

बाहेर जाणारे पाणी खूण ठेवते. होजच्या क्लिपांभोवती पांढरा वा हिरवट थर, रेडिएटरच्या सांध्यांवर गंजाचे ओघळ, वॉटर पंपाच्या खालच्या बारीक छिद्रातून ठिबकण्याचा डाग, ही त्याची ठिकाणे. पंपाचे ते छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. आतील सील गेल्याची सूचना त्यातूनच मिळते, म्हणून ते बुजवणे म्हणजे इशारा देणाऱ्याचे तोंड बंद करणे होय. गाडीला हीटर असेल तर डाव्या बाजूच्या पायांखालचे जाजम ओले वा गोडसर वासाचे आहे का, हेही पाहावे. ओम्नीचे इंजिन पुढच्या आसनांखाली असल्यामुळे तिथली गळती आसन उचलल्याशिवाय नजरेस पडत नाही. काहीच न सापडल्यास गॅरेजमधील हातपंपाने यंत्रणेत दाब भरून तो टिकतो का हे पाहता येते. दहा मिनिटांच्या या चाचणीत, एरवी इंजिन तापल्यावरच उघडणाऱ्या भेगा थंड इंजिनात सापडतात.

दुसरी तपासणी : काटा केव्हा चढतो?

पाणी पुरेसे असूनही गाडी तापत असेल, तर वेळ हा साक्षीदार.

*थांबल्यावर तापते, चालताना निवते.* फोंड्याच्या बाजारात किंवा तपासणी नाक्यावरच्या रांगेत काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो, तर संशयित पंखा. गाडी उभी ठेवून इंजिन पंधरा-वीस मिनिटे सुरू ठेवावे आणि पंखा आपणहून फिरू लागतो का पाहावे. न फिरल्यास आधी फ्यूज तपासावा. त्यानंतर, अनेक गाड्यांत करता येते त्याप्रमाणे, स्विचच्या दोन तारा जाणकाराकडून थेट जोडून पाहाव्यात. आता पंखा फिरला तर स्विच बिघडला आहे, न फिरल्यास मोटर, रिले किंवा तारा. पट्ट्याच्या पंख्याच्या गाडीत इंजिन बंद असताना पट्टा मधोमध अंगठ्याने दाबावा. तो सेंटिमीटरभरापेक्षा फार अधिक दबत असेल किंवा चकाकत असेल, तर तो घसरतो आहे.

*शहरात ठीक, चढणीवर तापते.* घाटातला हाच नेहमीचा प्रकार. याचा अर्थ पाणी फिरते, पण पुरेसे फिरत नाही किंवा पुरेसे निवत नाही. रेडिएटरच्या नळ्या क्षाराने व गंजाने आतून अरुंद झालेल्या असतात, अथवा बाहेरच्या पातळ पत्र्यांत तांबडी धूळ, किडे व गवताचे बी अडकलेले असते. इंजिन तापवून बंद केल्यावर, पंख्याची तार काढून, रेडिएटरच्या पृष्ठभागाचे तापमान दुरून मोजणाऱ्या उपकरणाने तपासावे. मध्येच एखादा पट्टा थंड आढळला, तर तिथून पाणी वाहत नाही. दुसरे कारण खालचा होज. तो आतून मऊ झाला किंवा त्यातली तारेची स्प्रिंग गंजून गेली, की वेगात पंपाच्या ओढीने चपटा होतो आणि गाडी थांबताच पुन्हा फुगतो. इंजिनाचा वेग वाढवून कोणीतरी त्याकडे पाहत राहिल्याशिवाय हा चोर पकडला जात नाही. तिसरे कारण, पंपाची झिजलेली पाती.

*सुरू केल्यावर काही मिनिटांतच तापते.* वरचा होज तापलेला आणि रेडिएटर थंडच, अशी स्थिती दिसली तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे किंवा पाणी बदलताना आत हवा कोंडली आहे. थर्मोस्टॅटची परीक्षा स्वयंपाकघरातल्या पातेल्यातही होते : तो दोरीने टांगून पाण्यात बुडवावा, थर्मामीटर ठेवून पाणी तापवावे आणि झडप कोणत्या अंशाला उघडते ते त्यावर कोरलेल्या आकड्याशी ताडून पाहावे.

*तापतच नाही.* हाही दोषच. अनमोडहून मोलेकडे उतरताना काटा तळाशी जाऊन बसत असेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे किंवा कोणीतरी तो काढूनच टाकला आहे. ‘घाटात गरम होते’ म्हणून थर्मोस्टॅट काढण्याची युक्ती आपल्याकडे सर्रास केली जाते. त्यामुळे इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते, पेट्रोल अधिक जळते आणि सिलिंडरची झीज वाढते. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट नसला की पाण्याचा बराच भाग रेडिएटरला वगळून आतल्या आतच फिरतो आणि चढणीवर गाडी आधीपेक्षा जास्त तापते.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल, तेव्हाच काटा खरे बोलतो. होज फुटून सगळे पाणी गेले, तर कोरड्या सेन्सरमुळे काटा खालीदेखील येऊ शकतो. चढणीवर काटा उंच जाऊन अकस्मात खाली पडला, तर तो दिलासा समजू नये. गाडी तत्काळ थांबवावी.

शीतकरण निर्दोष असूनही गाडी तापते, तेव्हा उष्णता निर्माण करणारी इतर कारणे पाहावीत. चाकाला चिकटून राहिलेला ब्रेक, घसरणारा क्लच आणि डिस्ट्रिब्यूटर असलेल्या गाड्यांत मागे सरकलेले टायमिंग, ही त्यांतली नेहमीची.

सर्वांत महाग शंका

गॅरेजमध्ये ‘हेड गॅस्केट’ हे शब्द उच्चारले गेले, की मालकाचा चेहरा उतरतो. ब्लॉक आणि हेड यांच्यामधला हा पातळ थर जळाला, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो आणि पाणी सिलिंडरमध्ये वा तेलात. त्याची लक्षणे अशी : थंड इंजिन सुरू करताच कॅपच्या तोंडाशी सतत बुडबुडे येणे, मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक होणे, सकाळी इंजिन एका सिलिंडरवर अडखळणे, धुराड्यातून न थांबणारा पांढरा धूर येणे, तेल दुधाळ चहासारखे दिसणे.

परंतु एकाच खुणेवर निकाल देणे अन्यायाचे ठरते. पावसाळ्यात केवळ दोन-तीन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीच्या तेलाच्या झाकणाखाली पांढरट फेस दिसतो. तो हवेतल्या दमटपणाचा असतो. गोव्यातील व जोयड्यातील पावसात तर तो अगदीच अपेक्षित. अशा वेळी डिपस्टिकवरचे तेल पाहावे. ते स्वच्छ असेल तर घाबरण्याचे कारण नाही. खात्रीसाठी एक सोपी रासायनिक चाचणी उपलब्ध आहे : रेडिएटरच्या तोंडाशी येणारी हवा निळ्या द्रवातून सोडतात. त्या हवेत ज्वलनाचा वायू असेल, तर द्रव पिवळा पडतो. हेड उतरवण्याचा खर्च मान्य करण्यापूर्वी मालकाने या चाचणीचा आग्रह धरावा.

गॅस्केट आपोआप जळत नाही. बहुधा त्याआधी कॅप, पंखा किंवा होज यांपैकी काहीतरी बिघडलेले असते आणि गाडी तापलेली असतानाही ‘एवढा चढ संपवू’ म्हणून चालवलेली असते. अनेक जुन्या गाड्यांत ब्लॉक ओतीव लोखंडाचा व हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम अधिक प्रसरण पावते आणि मर्यादेबाहेर तापले तर वाकते. काही शेकड्यांत सुटणारा प्रश्न एका चढणीत हजारोंचा होतो, तो असा. खासगी गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षे उलटली की दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. त्या उंबरठ्यावर असलेली कित्येक वाहने केवळ या एका खर्चामुळे भंगारात जातात आणि दुसरी गाडी घेणे न परवडणारे कुटुंब बसथांब्यावर येते.

ओढ्याचे पाणी, हळद आणि कूलंट

कूलंट थंड प्रदेशांसाठीच असते, हा समज आपल्याकडे दृढ आहे. आपल्या हवेत पाणी गोठत नाही हे खरे. पण कूलंटची दुसरी दोन कामे येथे अधिक मोलाची आहेत. ते उत्कलनबिंदू काही अंशांनी वाढवते आणि लोखंड व अ‍ॅल्युमिनियम यांना गंजण्यापासून वाचवते. उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात, बहुधा निम्मे-निम्मे, ते शुद्ध केलेल्या पाण्यात मिसळावे. विहिरीच्या व कूपनलिकेच्या पाण्यातील लोह आणि क्षार रेडिएटरच्या नळ्यांत साचतात. अडचणीत ओढ्याचे पाणी गाळून घालण्यावाचून गत्यंतर नसते. मात्र घरी परतल्यावर सगळी यंत्रणा धुऊन पुन्हा कूलंट भरले पाहिजे. बारीक गळतीवर रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा जुना उपाय अजूनही सांगितला जातो. ती पूड छिद्र बुजवते, तशीच अरुंद नळ्याही बुजवते. घरापर्यंत पोहोचण्याची ती तडजोड आहे, दुरुस्ती नव्हे.

घाटातच तापली तर

काटा चढू लागताच वातानुकूलन बंद करावे. गाडीला हीटर असेल तर तो पूर्ण सुरू करावा. प्रवाशांना त्रास होतो, पण इंजिनाला एक छोटा जादा रेडिएटर मिळतो. तरीही काटा उतरला नाही, तर वळण टाळून, मागच्या वाहनांना दिसेल अशा रुंद जागी गाडी थांबवावी आणि चाकांना दगड लावावेत. वाफ नसेल व पंखा फिरत असेल, तर इंजिन न्यूट्रलमध्ये सुरू ठेवल्याने पाणी फिरत राहते. वाफ येत असेल किंवा काटा तांबड्यात गेला असेल, तर इंजिन ताबडतोब बंद करावे.

तापलेल्या रेडिएटरची कॅप कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. दाब सुटताक्षणी आतील पाणी एकदम वाफ होऊन उसळते आणि चेहरा व हात भाजतात. किमान अर्धा-पाऊण तास थांबावे, वरचा होज दाबल्यावर मऊ लागतो का पाहावे, मग जाड फडके धरून कॅप हळूहळू सैल करावी. पाणी थोडे थोडे घालावे. तापलेल्या धातूवर एकदम गार पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो.

जोयडा तालुक्याचा बराच भाग काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात आहे आणि अनेक वळणांवर मोबाइलला संपर्क मिळत नाही. त्यामुळे मदतीच्या शोधात रानवाटेने चालत जाण्यापेक्षा गाडीजवळ थांबून येणाऱ्या वाहनाकरवी निरोप धाडणे शहाणपणाचे. पाच लिटर पाणी, एक कॅप, एक पट्टा, दोन होज क्लिपा, काही फ्यूज आणि एक विजेरी, एवढे सामान डिकीच्या कोपऱ्यात मावते.

निघण्यापूर्वी

निदानाचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे असावा : आधी पाणी, मग कॅप, होज व पट्टा, नंतर पंखा, त्यानंतर थर्मोस्टॅट, रेडिएटर व पंप आणि सरतेशेवटी गॅस्केट. मेकॅनिकला ‘गाडी गरम होते’ एवढेच न सांगता ती केव्हा, कुठे व किती वेळाने गरम होते, वातानुकूलन सुरू होते की नाही, पाणी किती घालावे लागले, हे सांगितले तर त्याचे काम सोपे होते आणि मालकाचे पैसे वाचतात. एका लहान वहीत ही नोंद ठेवणारा चालक गॅरेजमध्ये अंदाजावर सोडला जात नाही.

प्रवासाच्या आदल्या रविवारी पंधरा मिनिटे बॉनेट उघडून ही पाहणी करावी. त्यात काही उणे आढळले, तर फोंड्यात सुटे भाग मिळतात आणि मेकॅनिकही मिळतो. अनमोडच्या पाचव्या वळणावर या दोन्हींपैकी काहीच नसते.